आमच्या पोरांना खलनायकाच्या कामाला जुंपू नका

खुन्याला दुःखी बालपण जोडलं की कादंबरी खोल होते, असं मानणाऱ्या लेखकांचा मला मनस्वी संताप येतो. नायक बायकोला बडवतो. शेवटाकडे कळतं की त्याचा बाप त्याला पट्ट्यानं झोडपायचा. मालिकेत पडदा काळा-पांढरा होतो, कोपऱ्यात थरथरणारं पोरगं दिसतं, आणि मोठेपणी केलेल्या सगळ्या अत्याचारांना माफी मिळते. हा आळस आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ही बदनामी आहे.

मी जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात शिकवतो. नापिकी आणि कर्जापायी बापानं गळफास घेतलेली मुलं आमच्याकडे वर्गात बसतात. ती कुणाचा गळा चिरत नाहीत. एकानं ‘माझे वडील’ या निबंधात लिहिलं होतं, बाबा रोज सकाळी मोसंबीला पाणी देतात, बाजारच्या दिवशी भेळ आणतात. बापाला जाऊन वर्ष होत आलं होतं. पानभरात एकही क्रियापद भूतकाळात नव्हतं. याच मुलाला युरियाचा भाव आणि सोसायटीची थकबाकी तोंडपाठ. आई रडायला लागली की हा उठतो आणि मोटर चालू करायला जातो. गाव म्हणतं, पोरगं लई समजदार झालं. त्या समजदारपणात काय गाडलंय, ते उकरायचं काम कथाकाराचं नाही तर कुणाचं?

मनोविश्लेषक अॅना फ्रॉइडनं १९३६ साली मनाच्या बचावयंत्रणांवर पुस्तक लिहिलं: घडलेलं नाकारणं, दाबून टाकणं, एकाचा राग दुसऱ्यावर काढणं. पुढे महायुद्धात आईबापांपासून तुटलेली मुलं तिनं लंडनमध्ये सांभाळली. असह्य गोष्ट सोसून उभं राहायला मन या युक्त्या करतं. आमच्या लेखकांनी त्यातून विकृत माणूस घडवण्याची कृती तेवढी उचलली.

दुसऱ्या टोकाला भक्तीचा आळस. आमच्याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, जन्म १६०८चा. परंपरा सांगते, वडील लहानपणीच गेले, बाराव्या वर्षी मुलगा बोहल्यावरून पळाला, आणि दोन तपांनी परतला तेव्हा आईची दृष्टी गेली होती. कथेकरी त्याला मंडपातून उचलून थेट संतपदावर नेतात. रामदासांचं निदान करायचा मला अधिकार नाही, कुणीच तो घेऊ नये. पण अंतरपाटासमोर उभ्या असलेल्या त्या बापाविना पोराच्या पोटात काय कालवत होतं, यासाठी कुणी एक पान तरी खर्च करावं की नाही? पोर राक्षस झालं तरी नाहीसं होतं, संत झालं तरी नाहीसं होतं.

मराठीला हे जमत नाही असं कुणी सांगू नये. नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ची. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर याची ती सगळ्यावरची बेफिकिरी, ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’, हीच त्याची ढाल. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापाशी ती गळून पडते आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. नेमाड्यांनी तिथं कारणमीमांसा जोडलेली नाही. १९७८च्या ‘बलुतं’मध्ये तर दया पवारांनी स्वतःचेच दोन भाग केले: शिकलेला, पांढरपेशा दया पवार ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, हे मला माहीत आहे. पण बालपणाच्या जखमेपासून माणूस स्वतःला कसा वेगळा काढतो, हे त्या रचनेतच दिसतं. वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

मानसोपचार करणाऱ्यानं जखमेला नाव द्यावं, इलाज करावा. जालन्यासारख्या जिल्ह्यात त्याची नितांत गरज आहे. लेखकाचं काम वेगळं. मुलगा रडत का नाही, वर्तमानकाळात का लिहितो, आई रडताना मोटरकडे का जातो, हे त्यानं दाखवायचं. ज्याला तेवढी मेहनत नको असेल त्यानं आपला खलनायक खुशाल खलनायक ठेवावा, पण त्याची वकिली करायला आमची पोरं उभी करू नयेत.