भोगवटा आणि स्वाधीनानुभव

धारवाडच्या कुमारेश्वर नगरात १९ मार्च २०१९ रोजी दुपारी एक बहुमजली इमारत कोसळली आणि १९ माणसे प्राणास मुकली. ढिगारा उपसण्याचे काम पुढे कित्येक दिवस चालले होते. इमारत अद्याप पुरी व्हावयाची होती. वरच्या मजल्यांचे बांधकाम चालू होते आणि खाली दुकाने थाटलेली होती. मालकांना अटक झाली, महापालिकेच्या काही अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, चौकशीही नेमली गेली. मालाच्या दर्जाविषयी आणि आराखड्याविषयी त्या वेळी पुष्कळ बोलले गेले. तो प्रांत न्यायालयाचा व तज्ज्ञांचा आहे, आम्ही त्यात शिरत नाही. आम्हांला राहून राहून आठवतात ती खालची दुकाने. वर गवंडी काम करीत असताना खाली गिऱ्हाईक उभे राहिले कसे?

कायदा याविषयी मूक नाही. १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका अधिनियमाचे ३१० वे कलम सांगते की, बांधकाम पुरे झाल्यावर मालकाने महिन्याच्या आत आयुक्तांना तसे लेखी कळवावे, इमारत तपासू द्यावी, आणि अनुज्ञा मिळेपर्यंत त्या इमारतीत अथवा तिच्या कोणत्याही भागात कोणी राहू नये, कोणास राहू देऊ नये. ‘कोणत्याही भागात’ हे शब्द महत्त्वाचे. तळमजला सजला म्हणून तेवढा भाड्याने द्यावा, ही सोय त्यात नाही.

ही अनुज्ञा ज्या कागदावर मिळते त्याला महाराष्ट्रात भोगवटा प्रमाणपत्र म्हणतात. आपल्याकडच्या कन्नड दफ्तरात त्याचे नाव स्वाधीनानुभव पत्र. दोन्ही भाषांनी संस्कृताच्याच पेढीवरून उचल केलेली, पण कन्नड शब्द अधिक भारदस्त, यात शंका नाही. मात्र आमच्या पाहण्यातल्या बहुतेक कुटुंबांना दोन्ही शब्द अपरिचित असतात. त्यांना ठाऊक असतो तो ‘उतारा’. मुंबई इलाख्याच्या काळापासून हा शब्द धारवाड-हुबळीकडे जो रुळला तो कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडीही आजवर टिकून आहे. उतारा नावावर झाला, घरपट्टीची पावती आली, की घराचे सारे यथास्थित झाले अशी आपली समजूत असते. वस्तुतः उतारा सांगतो जागा कोणाची, आणि पावती सांगते कर कोणी भरला. वरचा स्लॅब तुमचे ओझे पेलील किंवा कसे, हे दोन्हींपैकी एकही कागद सांगत नाही. बेकायदा इमारतीकडूनही कर घेतला जातोच.

आता कंत्राटदाराकडे वळू. सरकारी कामे घेणाऱ्या कंत्राटदाराची बांधकाम खात्यात वर्गवार नोंदणी असते. खासगी घर बांधणाऱ्या मेस्त्रीला असल्या नोंदणीची गरज पडत नाही. नकाशावर परवानाधारक अभियंत्याची सही असते. प्रत्यक्ष घर मात्र मेस्त्रीच्या हातचे. काँक्रीट कालवताना थोडे पाणी अधिक ओतले की फावडे सहज चालते, मजुरांचे श्रम वाचतात, आणि खांबाची ताकद जन्माची उणी होते. त्याच काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे करून ठेवले आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडले, तर खरे काय ते कळते. गिलावा झाला, रंग लागला, की कळण्याचा मार्ग जवळजवळ खुंटतो. रिंगांचे अंतर, सेंटरिंग किती दिवसांनी काढले, पाया किती खोल गेला, हेही असेच झाकले जाते. आपल्या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पायाने ती ओलांडून खाली पक्क्या थरापर्यंत जावे लागते, आणि तो खड्डा भरून निघण्यापूर्वीच कोणीतरी वाकून पाहिलेला बरा. थोडक्यात, तपासणी व्हावयाची ती कामाच्या मधल्या टप्प्यांत. आपल्या पालिकांचा भर मात्र आरंभीच्या नकाशावर.

३१० व्या कलमाला एक पुरवणीही आहे. पूर्णतेची सूचना मिळाल्यावर तीस दिवसांत आयुक्तांनी नकार कळविला नाही, तरीही राहावयास जाता येते. दिरंगाईने नागरिक अडून राहू नये हा तिचा हेतू चांगलाच. परंतु मौन हे संमतीचे लक्षण व्याख्यानात ठीक; स्लॅबखाली निजणाऱ्याला त्याचा काय आधार?

सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या एका निर्णयात या मधल्या रिकाम्या जागेवरच बोट ठेवले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला असावा, अधिकाऱ्यांनी वेळोवेळी तपासणी करून तिची नोंद ठेवावी, आणि पूर्णतेचे वा भोगवट्याचे प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज वीज, पाणी, गटार यांच्या जोडण्या देऊ नयेत, असे ते आदेश आहेत. कर्नाटकात याची झळ आधी लागली ती लहान घरे बांधणाऱ्यांना. घर उभे, पण वीज नाही. मग २०२५ साली राज्य सरकारने बाराशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेवरील लहान घरांना या प्रमाणपत्रातून सूट देण्याचे ठरविले. गरिबाचा अंधार गेला हे उत्तम झाले. पण मेस्त्रीच्या भरवशावर सर्वस्वी अवलंबून असतो तोही हाच लहान घरवाला. त्याच्याकडे जाणारी तपासनिसाची वाटही त्याबरोबर बंद झाली, ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहते. दाखल्याची सूट देता आली असती आणि पाया पाहावयास माणूस धाडता आला असता.

माणूस कोठून आणावयाचा, हे मात्र कोणी विचारील. हुबळी-धारवाड महापालिका १९६२ ची, दोन शहरांची मिळून एक. २०२५ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने धारवाडसाठी स्वतंत्र महापालिकेला मान्यता दिली आणि धारवाडकरांची जुनी मागणी मार्गी लागली. महापौर कोण, कार्यालय कोठे, याची चर्चा धारवाडात आवडीने होते. बांधकाम विभागात जागोजाग फिरणारे अभियंते किती नेमणार, हा प्रश्न आमच्या कानी अजून फारसा आलेला नाही. प्रभागाच्या सभेत तो आपल्यापैकी कोणी विचारला, आणि शक्य तर कन्नडमध्ये विचारला, तर त्याची दखल घेतली जाईल.

जुने वाडे बिल्डरला देऊन बदल्यात सदनिका घेण्याचे करार हल्ली आपल्या कुटुंबांत सर्रास होत आहेत. हे वाचकांपैकी कोणी अशा करारावर सही करणार असतील, तर दोन ओळी त्यात घालून घ्याव्यात: प्रत्येक मजल्याच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा चाचणी-अहवाल आपल्याला मिळावा, आणि स्वाधीनानुभव पत्र हाती येईपर्यंत ताबा घेतला असे समजले जाऊ नये. बिल्डर कुरकुर करील. सदनिकेच्या किल्ल्या गृहप्रवेशाचा मुहूर्त सांगून आठ दिवस आधीच पुढे करील. त्या घेऊ नयेत.