आधी ओट्यावर बसा

डिसेंबर लागला की ब्लँकेटवाटपाची धांदल सुरू होते. खानदेशातली थंडी बोचरी, त्यामुळे ब्लँकेट वाया जात नाही. पण घेणाऱ्याचं घर कुठं आहे, हे देणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसतं.

कॅथलिक चर्चमधल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीला ही तऱ्हा मान्य नाही. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. पॅरिशमधल्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळीतल्या साध्या, नोकरीधंदा करणाऱ्या माणसांनी दोघादोघांनी गरिबाच्या घरी जायचं, त्याचं ऐकून घ्यायचं आणि मगच मदत ठरवायची. धर्माची अट नाही.

जळगाव-धुळ्यात हे फार मोलाचं. नाशिक धर्मप्रांतातल्या या दोन जिल्ह्यांत कॅथलिक वस्ती तुरळक. स्वयंसेवकांनी फक्त आपली माणसं शोधायची म्हटलं तर काम दुपारपर्यंत आटोपेल! गरज आहे ती शिरपूर-चोपड्याकडच्या पावरा पाड्यांवर, यावल-रावेरला केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांच्या घरी, पोरं ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे.

अशा एखाद्या आजीच्या ओट्यावर अर्धा तास बसलं की खरी अडचण कळते. जन्मभर निंदणी करून बोटांच्या रेघा झिजलेल्या. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन अंगठाच घेत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 रुपये हयातीच्या दाखल्यापायी नाहीतर आधार जोडणीपायी अडकलेले. तिला तहसील कचेरीत सोबत येणारं माणूस हवं आहे. या कामाचा फोटो काही छान येत नाही.

चर्चची माणसं आली की धर्मांतराचा संशयही येतो. खानदेशाच्या वेशीवर, मनमाडला, तो एकदा चांगलाच पेटला होता. स्पॅनिश जेझुइट फादर व्हिन्सेंट फेरर विहिरी खोदणाऱ्या शेतकऱ्यांना गहू-तेल देत. 1968 साली त्यांना देश सोडायला सांगितलं गेलं, तेव्हा त्यांच्यासाठी हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढे परतून त्यांनी अनंतपूरला काम उभं केलं.

संशयाला उत्तर कामच देतं, म्हणून इथल्या पॅरिशनी खुलासे करत बसू नये. पैशांचा हिशेब उघडा ठेवावा, शिध्याच्या पिशवीत प्रार्थनेचं पत्रक घालू नये आणि दाखल्यांच्या कामात गावच्या आशाताईंना, भजनी मंडळालाही सोबत घ्यावं.