नकाशा बदलला, तक्ता नाही

"कॉम्प्युटरनं काढलंय, चुकेल कसं?" असं आमच्या सोसायटीच्या बैठकीत ठेकेदार ठणकावून सांगत होता. हातात दारं-खिडक्यांची एक्सेल आणि तिच्यावर बेतलेलं बिल. नकाशात त्यानंतर दोनदा बदल झाले होते, त्याचं काय?

मंडळी, आधी यंत्र काय करतं ते समजून घेऊ. ऑटोकॅड २००८ पासून त्यात 'डेटा एक्स्ट्रॅक्शन' ही सोय आहे. नकाशातल्या ब्लॉकना जोडलेली माहिती ती गोळा करते आणि एक्सेल, सीएसव्ही किंवा अ‍ॅक्सेसच्या फाइलीत भरते. तक्ता नकाशातच ठेवला तर तो ताजा करता येतो. बाहेर पाठवलेल्या फाइलीची नाळ मात्र तिथेच तुटते. पुढे नकाशात दार कमी झालं तरी तिला पत्ता नसतो. शिवाय ड्राफ्ट्समननं एखादा ब्लॉक 'एक्स्प्लोड' केला, तर दार डोळ्यांना दिसतं, पण मोजणीत येत नाही!

सकाळच्या हजेरीवरून दुपारी वर्गात किती मुलं आहेत, हे कोणता मास्तर सांगेल? हजेरी खोटी नसते. ती सकाळची असते, इतकंच.

बरं, उपाय अवघड आहे का? निवडीची डीएक्सई फाइल जपली असेल तर तीच वापरून तक्ता पुन्हा काढता येतो. मग आळस कशाचा? की जुना आकडाच सोयीचा?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या तक्त्यावर नकाशाची आवृत्ती आणि तारीख नाही, त्यावर एक रुपयाही देऊ नये. पैसे तुमचे-आमचे आहेत. बघा पटतंय का.