वर्माची विद्या आणि चार रविवारांचा क्लास

संध्याकाळी सहानंतर काळेवाडीत एखाद्या शाळेच्या हॉलमधून किंवा सोसायटीच्या गच्चीवरून ‘इच, नी, सान’ ऐकू आलं तर कुणी वळूनही बघत नाही. कराटेचा क्लास आता ट्यूशनइतकाच नेहमीचा झाला आहे. नवी आहे ती मागणी. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक जण दुसऱ्याच्या मानेवर दोन बोटं टेकवतो आणि समोरचा धाडकन आडवा होतो. तो व्हिडिओ बघितलेली, चाकणहून सेकंड शिफ्ट करून रात्री कंपनीच्या बसमधून उतरणारी मुलगी विचारणारच, “सर, ते नस दाबायचं तेवढं चार रविवारांत शिकवा ना.” ब्लॅक बेल्टसाठी लागणारी वर्षं तिच्याकडे कुठून असणार?

मागणी खुळी नाही. ‘घाव वर्मी लागला’ असं आपण बोलण्याबद्दलही म्हणतो, इतकी ही कल्पना मराठीत मुरलेली आहे. सुश्रुतसंहितेत शरीरावरची १०७ मर्मं मोजलेली आहेत, त्यांची प्रतवारीही आहे. १९ ठिकाणी घाव बसला तर तत्काळ मृत्यू, ४४ ठिकाणी व्यंग, तर ८ ठिकाणी फक्त वेदना. ही यादी मुळात शल्यवैद्याच्या कामाची. शस्त्र कुठे चालवू नये, हे त्याला कळायला हवं म्हणून केलेली. केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेतही मर्मविद्या शेवटी मिळते, आणि ती देणारा गुरुक्कळ तेल लावून मालिश करणारा, निखळलेला सांधा बसवणाराही असतो. कमल हासनच्या १९९६ च्या ‘हिंदुस्तानी’ सिनेमाने यातलं बाकी सगळं वगळून बोटांची जादू तेवढी ठेवली.

जादू नसली तरी जागा खऱ्या आहेत. कोपर दाराच्या चौकटीवर आपटून करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या की अल्नर नस कुठून जाते ते पुस्तकाशिवाय कळतं. गुडघ्याखाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला, पेरोनियल नस अशीच हाडाला टेकून कातडीखाली असते. जानेवारी २०२१ मध्ये अबू धाबीत मिश्र मार्शल आर्टच्या झुंजीत डस्टिन पॉयरिएने कॉनर मॅकग्रेगरच्या पोटरीवर लाथांमागून लाथा घातल्या, पाय निकामी केला आणि दुसऱ्या फेरीत ठोशांनी त्याला झोपवलं. पण त्या लाथेमागे अनेक वर्षांचा घाम होता. आधी अंतर, पावलं, तोल, नस त्यानंतर.

खरी गोम सरावात आहे. तोक्योत १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानो यांनी जुन्या जुजुत्सूतले मर्मांवरचे प्रहार ‘काता’त, म्हणजे आधी ठरवून करायच्या सरावात ठेवले. मोकळ्या झुंजीत पूर्ण जोर लावता येईल असेच डाव घेतले. आपल्या तालमीतल्या पैलवानाला हे समजावून सांगावं लागत नाही. रोज जोडीदारावर पडणारा डावच त्याच्या हाताला बसतो. वर्माचं नेमकं उलट. जोर लावला तर जोडीदार दवाखान्यात, नाही लावला तर घाव लागू पडतो की नाही ते कळतच नाही. क्लासमधला जोडीदार हात स्थिर धरून उभा राहतो. रस्त्यावरचा दारू प्यालेला माणूस तसा उभा राहणार नाही, आणि दारूनं त्याची वेदनाही बोथट केलेली असते.

अमेरिकेतले जॉर्ज डिलमन हे प्रेशर पॉइंटचे गाजलेले शिक्षक. स्पर्शाविना माणूस पाडण्याचा दावा नॅशनल जिओग्राफिकच्या कॅमेऱ्यापुढे शंकेखोर माणसावर चालेना, तेव्हा त्यांनी कारण दिलं की त्याची जीभ भलत्या जागी असेल, नाहीतर त्यानं पायाचा अंगठा उचलला असेल! हसू येतं खरं, पण असल्या क्लासमध्ये शिष्य गुरूला खोटं पाडत नाहीत, स्वतः पडतात.

आणि जिथे वर्माचा घाव खरोखर लागू पडतो तिथे तो धोक्याचा आहे. मानेतल्या ज्या रक्तवाहिनीवर डॉक्टरही जपून बोट ठेवतात, ती दहा-बारा वर्षांच्या पोरांना ‘पॉइंट’ म्हणून दाखवून घरी पाठवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. छातीवर हृदयासमोर, नेमक्या क्षणी बसलेला साधा चेंडूही हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो, आणि त्याला बळी पडतात ती बहुतेक किशोरवयीन मुलंच. शिवाय कायदा आहेच. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपुरतीच इजा करण्याचा.

मग बसमधून उतरणाऱ्या त्या मुलीला काय शिकवायचं? मोठ्यानं ओरडणं, धरलेलं मनगट सोडवणं, तळव्याचा धक्का देऊन उजेडाकडे पळणं. हे दिसायला मामुली आहे आणि व्हिडिओत अजिबात शोभत नाही. पण जोडीदार खरोखर हिसडत, ओढत असताना ते आठवड्यातून तीनदा घोटून घेता येतं. काही महिन्यांनी तिचं मनगट दहापैकी आठ वेळा सुटायला लागलं, की सरांनी तिला पोटरीची ती नस जरूर दाखवावी. जोडीदाराला आधी पॅड बांधायला लावावेत.