जुना मेल उघडून दाखवा, मग उरलेलं बिल घ्या

मेलचं आर्काइव्ह जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर कसं न्यायचं, ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंय. कुठली बटणं दाबायची ते तिथे बघा. इथे माझं मत लिहिते, कारण खरी वादावादी बटणांवरून होतच नाही. ती होते काम संपलं कधी म्हणायचं यावरून.

सर्व्हर बदलून देणारा म्हणतो, नवा मेल यायला लागला की काम संपलं. मला हे मान्य नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा एखादा मेल, त्याच्या पीडीएफसकट, मालकाने स्वतः नव्या जागी शोधून उघडला की काम संपलं. तोवर निम्मं बिल हातात ठेवायचं.

आधी एक गोष्ट साफ करू. इनबॉक्स म्हणजे आर्काइव्ह नव्हे. इनबॉक्स म्हणजे आपलं काउंटर. तिथून कागद उचलला जातो, फाटतो, फेकला जातो. आर्काइव्ह म्हणजे मागचं कुलूप लावलेलं कपाट. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत आपोआप तिथे जाते आणि काउंटरवरच्या पोराला ती पुसता येत नाही. आपल्याकडे बहुतेकांचं काउंटर आहे, कपाट नाहीच. मग सर्व्हर बदलतो तेव्हा काय होतं बघा.

आपल्या भागातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं उदाहरण. शेड, ग्रिल, गेट करतात. ऑर्डरी मेलवर, ड्रॉइंग मेलवर. होस्टिंग महाग पडतं म्हणून दुसरीकडे गेले. पत्ता तोच, सर्व्हरचं नाव तेच, फक्त मागचं यंत्र बदललं. सकाळी लॅपटॉप उघडला तर आउटलुक रिकामं! झालं असं की आयमॅप पद्धतीत लॅपटॉपवर दिसतं ती सर्व्हरची सावली असते. त्याच नावाने नवा, कोरा सर्व्हर समोर आला आणि आउटलुकने इमानेइतबारे तेच कोरेपण लॅपटॉपवर उतरवलं. जुना प्लॅन दोनच दिवस आधी बंद केलेला, पुढच्या महिन्याचे पैसे वाचवायला. एका ठेकेदाराकडे रक्कम अडकली होती आणि ऑर्डरचा मेल त्यातच गेला.

हा मेल का महत्त्वाचा, तर एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. (ही सोय उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या आपल्यासारख्या दुकानदारांना नाही, उगाच आशा नको.) पण ऑर्डर कधी आली, माल पोचल्याचं कधी कळवलं, हरकत आली की नाही, हे दाखवायचं कशावरून? मेलवरूनच ना!

आणि नुसता मेल दाखवून भागत नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा खटला आठवा, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा. वाद होता उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचा आणि पुरावा होता निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. 14 जुलै 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच. त्या खटल्यात अर्जदारांनी प्रमाणपत्र मागून मागून मिळालं नव्हतं म्हणून त्यांना सूट मिळाली, ती गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम आलाय. त्याच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅशही लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

आता हे सर्व्हर बदलण्याशी कसं जोडलंय? मेल कोणी हलवले, कधी, कुठून कुठे, किती होते आणि किती पोचले, हे एका कागदावर तारखेसह लिहून सही घेतली असेल तर उद्या वकिलाला काहीतरी देता येतं. तो कागद नसेल तर सगळं तोंडी. आणि कृपा करून फोल्डर माऊसने ओढून टाकणाऱ्याला हे काम देऊ नका. तसं केलं की मेलच्या आतली तारीख जुनीच राहते, पण कित्येकदा यादीत ‘मिळाल्याची तारीख’ म्हणून आजची दिसायला लागते. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार. आयमॅपसिंकसारखं साधन तारखा सांभाळून नेतं. मध्येच तुटलं तर पुन्हा चालवता येतं, डबल मेल होत नाहीत. ते आपल्या दुकानातल्या लॅपटॉपवरून चालवायचं नाही. 40 जीबी मेल 10 एमबीपीएसच्या लाइनवरून चढवायला कागदावरच नऊ तास लागतात, आणि आपल्याकडे नऊ तास सलग लाइट आणि नेट असलं तर पेढे वाटा. सर्व्हर देणाऱ्याकडूनच, थेट सर्व्हर ते सर्व्हर करून घ्या.

ज्यांनी खरंच आर्काइव्हचं सॉफ्टवेअर लावलंय, त्यांची अडचण निराळी. पायलरसारखं मोफत सॉफ्टवेअर मेल कुलूपबंद करून ठेवतं आणि किल्ली एका छोट्याशा फाइलमध्ये असते. सगळी हार्ड डिस्क नव्या सर्व्हरवर नेली आणि ती फाइल राहिली, तर गोदाम आलं, चावी जुन्या घरी. ही किल्ली, डोमेनचा पासवर्ड आणि अ‍ॅडमिन लॉगिन मालकाकडे पाहिजे. कॉम्प्युटरवाल्या दादांवर विश्वास असू द्या, पण त्यांच्याच मोबाइलवर ओटीपी जात असेल तर दुकान तुमचं आणि शटर त्यांचं.

किती वर्षं जपायचं हेही विचारतात. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवायचे असतात. म्हणजे 2023-24 चं रिटर्न 31 डिसेंबर 2024 पर्यंत होतं, तर ती कागदपत्रं 31 डिसेंबर 2030 पर्यंत. ज्यांची खरेदीची बिलं फक्त मेलवर येतात त्यांचं कपाट तेवढं जुनं तरी असायलाच हवं. ‘प्रिंट काढून ठेवतो’ म्हणणाऱ्यांनी 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवावं. पत्रे उडाल्यावर कुठली वही कोरडी राहिली?

हलवायचं कधी? जूनमध्ये नाही, लाइटचा भरवसा नाही. दिवाळी ते मे हंगाम, दिवेआगर-श्रीवर्धनची गर्दी इथूनच जाते, तेव्हा कोणाला फुरसत नसते. माझ्या मते पितृपक्ष. लोक नवीन काम काढत नाहीत, ऑर्डरी कमी, पाऊस ओसरत आलेला. फक्त 20 तारखेचं रिटर्न मध्ये येतंय का ते बघा.

जुना प्लॅन लगेच बंद करू नका. नव्या सर्व्हरवरून एक पूर्ण महिना, एक रिटर्न आणि एका जुन्या उधारीचा तगादा एवढं होऊ द्या. एका महिन्याच्या होस्टिंगचे पैसे त्या अडकलेल्या ठेकेदाराच्या रकमेपुढे काहीच नाहीत. आणि शोधून बघताना कालचा मेल शोधू नका, तो सापडणारच. सगळ्यात जुनी थकबाकी ज्याच्याकडे आहे त्याचं नाव टाका.