प्रत्येक धडधड ‘टेन्शन’ नसते!

तळवलीकरांनो, थायरॉईड म्हटलं की आपल्याला फक्त वजन वाढणं आठवतं. उलटा प्रकारही असतो. ग्रंथी जास्त काम करते, मग खाऊनपिऊन वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेते.’ कोणी शेजारणीची थायरॉईडची गोळी देतं. ती बहुधा कमी थायरॉईडवरची, म्हणजे आगीत तेल! दुर्लक्ष केलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

टीएसएचची साधी रक्ततपासणी केली तर हे लक्षात येतं. कार्बिमाझोलची गोळी आहे. ती चालू असताना ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात. गोळीने भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासूनचं. आणि हे आयोडीन देशभरातल्या रुग्णालयांना जातं ते आपल्या वाशीच्या ‘ब्रिट’मधून!

औषध आपल्या शहरातून जाणार आणि आपल्याच बायका ‘टेन्शन’ ऐकत बसणार?

महापालिकेला सरळ सवाल: नागरी आरोग्य केंद्रात टीएसएच मोफत होते का? होत असेल तर दारावर ठळक फलक लावा. नसेल तर सुरू करा. नगरसेवकांनो, गटार-रस्त्यांसारखं हेही सभागृहात विचारा. उत्तर आम्हाला लेखी हवंय.