लग्न कळसाडीत, पीआर कॅनडाचा: जोडीदाराला स्पॉन्सर करताना घोडं कुठं अडतं?

वीस दिवसांची रजा, गावात लग्न आणि हळद उतरायच्या आत परतीचं विमान. परदेशात नोकरी करणाऱ्या अनेक मराठी मुला-मुलींची लग्नं अशीच उरकली जातात. लग्न नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात लागलं, तरी नवरा-बायको एका छताखाली कधी येणार, हे ठरतं ओटावा किंवा वॉशिंग्टनच्या नियमांवर.

या नियमांत पगारापेक्षाही दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात. लग्न कोणत्या तारखेला झालं आणि अर्जाच्या वेळी स्पॉन्सर कुठे राहतोय.

स्पॉन्सर करणं म्हणजे नेमकं काय?

परदेशाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजेच पीआर असलेली व्यक्ती, आपल्या जोडीदाराची जबाबदारी सरकारला लेखी देते. कॅनडात ही हमी ३ वर्षांची असते. या काळात घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. जोडीदाराने सरकारी आर्थिक मदत घेतली, तर तिची वसुली स्पॉन्सरकडून होऊ शकते.

अमेरिकेत आय-८६४ नावाचं हमीपत्र भरावं लागतं. साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून ही अट वर्षाला २९,००० पाउंड आहे. आधी ती १८,६०० होती. कॅनडात फक्त जोडीदारासाठी अर्ज करताना सहसा किमान उत्पन्नाची अट नसते.

स्पॉन्सर स्वतःच त्या देशात राहत नसेल तर?

कॅनडाचा पीआर असलेला मुलगा लग्नासाठी गावी आला आणि बायकोची फाईल होईपर्यंत इथेच थांबला, तर त्याला तिला स्पॉन्सर करता येत नाही. पीआरधारकाने कॅनडात राहत असणं बंधनकारक आहे. सुट्टीवर येऊन जाणं वेगळं, मुक्काम हलवणं वेगळं.

कॅनडाच्या नागरिकाला मात्र पुण्यात किंवा दुबईत राहूनही अर्ज करता येतो. जोडीदाराला पीआर मिळाल्यावर दोघं कॅनडात राहायला जाणार आहेत, हे त्याला पटवून द्यावं लागतं. तिथल्या नोकरीचं पत्र, घराची व्यवस्था, मुलांच्या शाळेची चौकशी असे कागद इथे कामी येतात.

पीआर मिळाल्यानंतरही हिशोब सुटत नाही. पीआरधारकाला दर ५ वर्षांत ७३० दिवस कॅनडात काढावे लागतात. कॅनेडियन नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात राहिलेले दिवस मात्र यात धरता येतात.

अमेरिकेचा नागरिकही परदेशातून अर्ज करू शकतो. पण आपलं कायमचं घर अमेरिकेतच आहे किंवा जोडीदारासोबत आपण तिथे परतणार आहोत, हे त्याला दाखवावं लागतं. उत्पन्न कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो, पण परतण्याचा पुरावा नसेल तर तो हमीदारही उपयोगाचा नाही.

लग्नाची तारीख इतकी महत्त्वाची का?

अमेरिकेत नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झालं असेल, तर जोडीदार त्याच अर्जाच्या आधारे नंतर येऊ शकतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर लग्न केलं, तर आय-१३० हा वेगळा अर्ज करून 'एफ२ए' या गटाच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्या गटात वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसांची मर्यादा आहे. नागरिकाच्या जोडीदाराला अशी मर्यादा नाही. म्हणून काही ग्रीन कार्डधारक स्वतः नागरिक होण्याची वाट पाहतात. त्यासाठी सहसा ५ वर्षं जातात. आधी अर्ज करून ठेवला असेल, तर नागरिकत्व मिळताच तो मर्यादा नसलेल्या गटात जातो.

कॅनडात फटका वेगळ्या ठिकाणी बसतो. पीआरची फाईल चालू असताना मुलगा गावी येऊन लग्न करतो आणि 'आता कशाला गुंतागुंत' म्हणून ते कळवत नाही. पीआर 'अविवाहित' म्हणून मिळतो. मग बायकोला स्पॉन्सर करायला गेल्यावर अर्ज फेटाळला जातो, कारण फाईलमध्ये न दाखवलेल्या आणि तपासणी न झालेल्या जोडीदाराला नंतर कुटुंब म्हणून आणता येत नाही. २०१९ पासून काही गटांना सवलत मिळाली, पण मूळ नियम कायम आहे. शिवाय माहिती लपवल्याचा ठपका बसला, तर स्वतःचा पीआरही धोक्यात येतो.

गावातले कोणते कागद लागतात?

पत्रिका आणि अल्बम पुरावा म्हणून जोडता येतात, पण मुख्य कागद विवाह नोंदणीचा दाखला. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंद ९० दिवसांत करायची असते. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं. 'नमुना ड' भरायचा, तीन साक्षीदार न्यायचे आणि 'नमुना ई'मध्ये दाखला घ्यायचा. पासपोर्टसाठी विवाह दाखल्याची सक्ती २०१६ मध्ये निघाली, म्हणून अनेक जण नोंदणीच करत नाहीत. स्पॉन्सरशिपच्या फाईलमध्ये नेमकं तेच अंगाशी येतं.

नंदुरबारच्या बाबतीत आणखी दोन मुद्दे आहेत. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या जन्मदाखल्यावर 'धुळे' आणि पासपोर्टवर 'नंदुरबार' असू शकतं. अशी तफावत असेल तर खुलासा जोडलेला बरा. दुसरं, अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा थेट लागू होत नाही. आदिवासी जोडप्याचं लग्न रूढीनुसार वैध असलं, तरी परदेशातल्या अधिकाऱ्याला ती रूढी माहीत नसते. म्हणून त्यांच्यासाठी नोंदणी दाखला जास्तच मोलाचा आहे.

ठरवून केलेल्या लग्नात 'आधी फारशी ओळख नव्हती' हेही शंकेचं कारण ठरू शकतं. स्थळ कसं आलं, बोलणी कोणी केली, साखरपुडा कधी झाला, हे साध्या भाषेत लिहून द्यावं. सोबत फोन-चॅटच्या नोंदी, भेटींची तिकिटं आणि नातेवाईकांसोबतचे फोटो लावावेत. व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्न कॅनडा २०१५ पासून सहसा मान्य करत नाही.

स्पॉन्सरने अर्धवट सोडलं तर?

सगळी दोरी स्पॉन्सरच्या हातात असते, हा या व्यवस्थेचा सर्वात नाजूक भाग. पीआर मंजूर होण्याआधी तो अर्ज मागे घेऊ शकतो. कॅनडाने २०१२ मध्ये काही जोडीदारांना २ वर्षं एकत्र राहण्याची अट घातली होती. छळ होत असूनही त्या भीतीने स्त्रिया घर सोडत नाहीत, ही टीका झाल्यावर २०१७ मध्ये ती काढली. अमेरिकेत लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर आजही आधी सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. मात्र छळ झाल्यास पीडित व्यक्ती एकटीने अर्ज करू शकते.

भारतात एनआरआय विवाह नोंदणी विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. विधी आयोगाने २०२४ मध्ये २८७ व्या अहवालात अशा लग्नांसाठी सर्वंकष कायद्याची शिफारस केली. राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष २००९ पासून तक्रारी घेतो, पण त्याचा नंबर बहुतेक वेळा नवरा निघून गेल्यावर लागतो.

म्हणून साखरपुड्याच्या बैठकीत पॅकेजसोबत तीन प्रश्न विचारायला हवेत. मुलाचा किंवा मुलीचा तिथला दर्जा नेमका काय आहे? सध्या कोणती फाईल चालू आहे? आणि लग्नाची माहिती त्या फाईलमध्ये कधी जाणार? उत्तरं कागदावर दाखवता येत नसतील, तर मुहूर्त थोडा पुढे गेला तरी चालेल.